एक चाक कमी

एका चाकाच्या सायकलवर बसलेला माणूस मी आयुष्यात दोनदा पाहिला. पहिल्यांदा सर्कशीत, वय वर्षं सात, वडिलांच्या मांडीवर बसून. त्या माणसानं तोंडाला रंग फासला होता, डोक्यावर एकावर एक अशा चार कपबश्या ठेवल्या होत्या आणि पाचवी तो पायानं उडवून डोक्यावर झेलत होता. घरी आल्यावर मी आईच्या दोन कपबश्या फोडल्या आणि तो विषय माझ्यापुरता संपला.

दुसऱ्यांदा पाहिला तो सहासष्ट वर्षांनी, कॅलिफोर्नियात, एका डोंगराच्या वळणावर. तोंडाला रंग नव्हता, धूळ होती. डोक्यावर कपबश्यांच्या जागी हेल्मेट होतं. आणि या गृहस्थाला डोंगरी सायकलींच्या शर्यतीत येऊ द्यावं की नाही, यावरून आमच्या चिरंजिवांच्या घरात तीन आठवडे जे रण माजलं, त्यात माझाही हात होता. म्हणजे हस्ताक्षराचा.

सायकल घेऊन डोंगर चढायचा असतो हे मला मुळात मान्य नाही. आम्ही पुण्याची माणसं. सायकलवर आमचा जन्म गेला. पण सिंहगडावर जायचं तर आतकरवाडीत सायकली लावायच्या, कुलूप दोनदा ओढून बघायचं आणि पायी चढायचं. डोंगराला पाय आणि रस्त्याला चाक, अशी साधी वाटणी होती. चिरंजिवांनी ती मोडली. सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला ज्या टेकड्या आहेत, उन्हाळ्यात गवत वाळून गव्हाच्या रंगाच्या होतात, अधूनमधून ओकची झाडं आणि गाई, त्या टेकड्यांवर हा मुलगा दर शनिवारी पहाटे सायकल घेऊन जातो आणि दुपारी गुडघे फोडून परत येतो. त्याच्या सायकलची किंमत रुपयांत करू नका, असं सूनबाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी केली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तर या मंडळींचा एक क्लब आहे, क्लबची वर्षातून एकदा शर्यत असते, आणि गेल्या वर्षी तिचे चिटणीस आमचे चिरंजीव होते. सप्टेंबरचा महिना. तिकडे पुण्यात गणपती बसलेले, आणि इकडे मी सोफ्यावर बसलेला. एका संध्याकाळी घरी समितीची बैठक भरली. पाचसहा माणसं, मक्याच्या चिप्स, टोमॅटोची चटणी. मला वाटलं, चला, मंडळाची बैठक म्हणजे मंडळाची बैठक, कुठंही सारखीच. वर्गणी, मांडव, आणि गेल्या वर्षीच्या हिशेबावरून भांडण. पण भांडण निघालं ते एका अर्जावरून. कोणा गृहस्थानं शर्यतीत भाग घेण्यासाठी रीतसर फी भरली होती आणि वाहनाच्या रकान्यात लिहिलं होतं : युनिसायकल, २९ इंची.

“एकच चाक?” खजिनदारांनी विचारलं.

“एकच,” चिरंजीव म्हणाले.

“मग फी अर्धी भरलीय का?”

हा विनोद तिथं पहिला आणि शेवटचा. पुढचा दीड तास मंडळी गंभीर होती. एक दाढीवाले सभासद होते, सव्वासहा फूट उंच, शर्यतीत नेहमी पहिल्या तिघांत. त्यांचं म्हणणं, डोंगरातली वाट अरुंद, एका वेळी एकच सायकल जाईल एवढी. त्या वाटेवर हा बहाद्दर पुढे डुगडुगत असला तर मागच्यांनी काय करायचं? एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांना विम्याची काळजी. विमा कंपनीनं दोन चाकांचा विमा उतरवलाय, एक चाक पडलं तर पैसे कोण देणार? तिसऱ्यानं तर सरळ सांगितलं, की आज एकचाकी आत घेतली, तर उद्या कोणी घोडा घेऊन येईल. (हे वाक्य मी आयुष्यात इतक्या बैठकींत ऐकलंय! फक्त घोड्याच्या जागी दर वेळी दुसरं कोणीतरी असतं.)

मी कोपऱ्यात बसून चिप्स खात होतो. पण आमची नात, वय वर्षं नऊ, माझ्याशेजारी होती. ती मराठीत म्हणाली, “आजोबा, ते काका पडले तर त्यांनाच लागेल ना? मग या सगळ्यांना का आत्ताच लागतंय?”

तिला मी चूप केलं. समितीच्या बैठकीत असले प्रश्न विचारायचे नसतात.

आता त्या यंत्राविषयी थोडं सांगायला हवं, कारण तोपर्यंत माझ्याही डोळ्यांपुढे कपबश्याच होत्या. रात्री चिरंजिवांनी कॉम्प्युटरवर दाखवलं. डोंगरातली एकचाकी ही सर्कशीतल्यापेक्षा दणकट असते. जाड टायर, सीटच्या पुढच्या टोकाला धरायला मूठ, हल्ली डिस्क ब्रेकसुद्धा. अलास्कातल्या सेवर्ड गावचे जॉर्ज पेक आणि कॅनडाचे क्रिस होल्म ही माणसं १९८०च्या दशकात, एकमेकांचा पत्ता नसताना, हे वाहन घेऊन दगडधोंड्यांतून हिंडू लागली. हे होल्म पेशानं भूवैज्ञानिक, दरडी कोसळण्याचे अभ्यासक! म्हणजे कोसळणं हा दोन्ही बाजूंनी त्यांचाच विषय.

पण खरी गोम अशी, की साध्या एकचाकीला चेन नाही आणि फ्रीव्हील नाही. पेडल थेट चाकाच्या आसाला. पेडल एकदा फिरलं की चाक एकदा फिरतं, आणि चाक फिरतंय तोवर पेडल फिरतच राहतं. उतारावर पाय आवरून वारा खात बसणं, हे सायकलस्वाराचं जे परमसुख, ते या माणसाच्या नशिबी नाही. मी कागद घेऊन हिशेब मांडला. २९ इंची चाकाचा घेर टायर धरून साधारण २.३ मीटर. मिनिटाला नव्वद वेळा पाय फिरवले तर वेग ताशी साडेबारा किलोमीटरच्या आसपास. चढावर हा वेग काही वाईट नाही. तिथं दोनचाकीवाल्यांचीही जीभ बाहेर आलेली असते. पण उतारावर चिरंजीव ताशी पस्तीसनं सुटतात. तो वेग गाठायचा तर एकचाकीवाल्याला मिनिटाला अडीचशे वेळा पाय मारावे लागतील. एवढ्या वेगानं पाय चालताना मी फक्त आमच्या हिचे पाहिलेत, दिवाळीच्या आदल्या रात्री, शिलाई मशीनवर.

म्हणजे दाढीवाल्यांचा आक्षेप अगदीच खोटा नव्हता. उतारावर तो माणूस वाट अडवणार, हे गणितच होतं. हे मी प्रामाणिकपणे इथं नोंदवून ठेवतो, कारण पुढं मी दुसऱ्या पक्षाला मिळालो.

दुसऱ्या दिवशी खजिनदारांनी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेची नियमावली पाठवून दिली. आमच्या शर्यतीला ती लागू नव्हती, पण नियमावली पाहिली की माझं मन रमतं. चौतीस वर्षं एका कचेरीत परिपत्रकं लिहिण्यात घालवली आहेत. (कचेरीचं नाव सांगत नाही, तिथं अजून माझी फाईल असेल.) त्यात लिहिलंय, की सायकल म्हणजे समान व्यासाची दोन चाकं असलेलं वाहन, पुढचं चाक वळतं, मागचं पेडल आणि चेन यांच्या साहाय्यानं फिरतं. वा! काय बंदिस्त वाक्य आहे! कुठून बोट घालायला जागा नाही. पण चांगल्या कारकुनाला एवढं कळतं, की इतकं बंदिस्त वाक्य कोणी उगाच लिहीत नाही. त्याच्या मागं एखादा माणूस असतो, ज्याला दाराबाहेर ठेवायचं असतं.

आणि सायकलीच्या इतिहासात असा माणूस निघालाच. १९३३ साली पॅरिसला फ्रान्सिस फोर नावाचा एक दुय्यम दर्जाचा खेळाडू, उताणं पडून चालवायच्या सायकलवर, एका तासात ४५ किलोमीटरहून थोडं जास्त अंतर तोडून गेला. ऑस्कर एग याचा १९१४पासूनचा विक्रम मोडला. मोठमोठ्या पैलवानांना वीस वर्षांत जे जमलं नाही, ते या माणसानं आडवं पडून केलं! दुसऱ्याच वर्षी, १९३४ साली, संघटनेनं सायकल कशाला म्हणायचं ते ठरवलं आणि उताणे बाद केले. पुढं १९९३ साली ग्रॅम ओब्री या स्कॉटिश गड्यानं, धुलाई यंत्राचे बेअरिंग बसवलेल्या घरगुती सायकलवर, हात छातीखाली दुमडून तोच विक्रम नव्यानं केला. १९९४ साली त्याचीही बैठक बेकायदा ठरली. मात्र डोंगरी सायकलींच्या बड्या खेळाडूंना पुढचं चाक मोठं आणि मागचं लहान असावं असं वाटू लागलं, तेव्हा २०१९ साली त्यांच्यापुरती “समान व्यासाची” ही अट सुटली. व्याख्या म्हणजे धोतर. कोणासाठी सैल सोडायचं आणि कोणासाठी कासोटा घट्ट मारायचा, हे नेसणाऱ्याच्या हातात.

रविवारी चिरंजीव आम्हाला फेअरफॅक्स नावाच्या गावी घेऊन गेले. गोल्डन गेट पूल ओलांडून पलीकडे, मरिन परगण्यात. तिथं २०१५पासून सायकलींचं एक संग्रहालय आहे. एकोणिसाव्या शतकातल्या, पुढचं चाक माणसाएवढं आणि मागचं पोळपाटाएवढं, अशा सायकली तिथं पाहिल्या. त्यांचीही पेडलं थेट पुढच्या चाकाला. मागचं चाक नुसतं नावाला. एकचाकीची कल्पना तिथूनच निघाली असं म्हणतात, कारण त्या सायकलवर ब्रेक मारला की मागचं चाक आपोआप हवेत जायचंच. राहिला प्रश्न, स्वार वर राहतो की नाही याचा.

पण मला संग्रहालयात खरी मौज वाटली ती डोंगरी सायकलींच्या जन्मकथेची. १९७०च्या दशकात या भागातल्या काही केसाळ तरुणांनी १९३० आणि ४०च्या सुमाराच्या जुन्या, जाड टायरच्या, भंगारात निघालेल्या सायकली शोधल्या आणि माउंट टॅमलपाईसच्या परिसरातल्या उतारांवरून सोडायला सुरुवात केली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली शर्यत झाली. सुमारे साडेतीन किलोमीटरची वाट, तेवढ्यात चारशे मीटर उतार. ब्रेक म्हणजे पेडल उलटं मारायचं. खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि पुन्हा नवं ग्रीस भरावं लागायचं, म्हणून त्या वाटेचं नावच पडलं “रिपॅक”. पहिली शर्यत ॲलन बाँड्स यांनी जिंकली. त्याचं कारण, त्या दिवशी न पडता खाली आलेले ते एकटेच! गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्यातलीच पुढं नावारूपाला आलेली मंडळी. रस्त्यावर गुळगुळीत सायकली पळवणारे तेव्हा यांच्याकडं कसे बघत असतील, ते मी कल्पनेनं ताडलं. आदल्या बुधवारी सोफ्यावर बसून तेच तर पाहिलं होतं.

आणि पुढची गोष्ट ऐका. हे लोक वाढले, तशी त्याच डोंगरात पायी फिरणारी माणसं आणि घोडेस्वार यांनी तक्रार केली, की वाटा अरुंद, ही वाहनं वेगळ्या वेगाची, आमच्या अंगावर येतात, धोका आहे. १९८०च्या दशकात तिथल्या अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. रुंद वाटांवर ताशी १५ मैलांची मर्यादा आली आणि वनरक्षक रडार घेऊन झुडपाआड उभे राहू लागले. डोंगरात! मोटारींसारखे!

मी चिरंजिवांना म्हटलं, “अरे, घोडेवाले तुम्हाला जे म्हणत होते, तेच तर तुम्ही त्या एकचाकीवाल्याला म्हणताय.”

“बाबा, ते वेगळं.”

‘ते वेगळं’ हे दोन शब्द मी चौतीस वर्षं फायलींवर वाचले आहेत. त्यांचा अर्थ ‘तेच’ असा होतो.

घरी येताना गाडीत चिरंजीव जरा वेळानं म्हणाले, “बाबा, एक काम कराल? तुम्ही परिपत्रकं लिहायचात. त्या गृहस्थाचं मन दुखावणार नाही, आणि तो येणारही नाही, असं एखादं कलम लिहून द्या ना. तुम्हाला जमतं ते.”

मला जमतं. फार लहानपणापासून जमतं.

१९६७ साली मी सोळा वर्षांचा होतो. आमच्या पेठेतल्या मंडळात गणपतीच्या दहा दिवसांत स्पर्धा व्हायच्या, त्यात सर्वांत लोकप्रिय म्हणजे स्लो सायकलिंग. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो : गल्लीत चुन्याचे पट्टे आखायचे, सायकल त्यातून सर्वांत सावकाश न्यायची, पाय टेकला की बाद. शेवटी पोचेल तो पहिला. (सगळ्या पेठेच्या स्वभावाला साजेशी अशी दुसरी शर्यत मी जगात पाहिली नाही.) कोपऱ्यावर भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. तासाला दोन आणे म्हणायचे आणि बारा पैसे घ्यायचे. त्या दुकानात पंक्चर काढायला एक मुलगा होता, दहा-अकरा वर्षांचा, अनवाणी. मोठ्या सायकलच्या सीटवर बसलं तर त्याचे पाय पेडलला पोचायचे नाहीत. तो मधल्या दांडीखालून पाय घालून हाफ पेडल मारायचा. सायकल एकीकडं कलती, पोरगं दुसरीकडं कलतं. आणि असा तो सायकल जागच्या जागी उभी करायचा! अर्धं पेडल पुढं, अर्धं मागं, चाक इंचभर सरकायचं. सगळे पोचून, टाळ्या वाजवून, गार झाले तरी हा आपला चुन्याच्या पट्ट्यात खोल विचारात असल्यासारखा उभा. दोन वर्षं लागोपाठ त्यानं स्टीलचा तांब्या नेला. दोन्ही वर्षं दुसरा आला अध्यक्षांचा मुलगा.

तिसऱ्या वर्षी समितीनं नियम छापायचे ठरवले. माझं अक्षर चांगलं, निबंधात बक्षिसं मिळालेली, म्हणून मला बसवलं. अध्यक्ष म्हणाले, असं काहीतरी लिही, की सायकल नीट चालवणाऱ्यांनाच भाग घेता येईल. मी पेन्सिल चघळली आणि लिहिलं : ‘स्पर्धकाने स्पर्धा संपेपर्यंत आसनस्थ असले पाहिजे.’ सगळ्यांनी ‘वा’ म्हटलं. ‘आसनस्थ’ या शब्दावर तर अध्यक्षांनी माझी पाठ थोपटली. स्पर्धेच्या दिवशी तो मुलगा सायकल घेऊन आला, कोणीतरी त्याला फळ्यावरचा नियम वाचून दाखवला. ‘आसनस्थ म्हंजी?’ एवढंच त्यानं विचारलं. मग सीटकडं बघितलं, पेडलकडं बघितलं, आणि सायकल हातात धरून दुकानाकडं गेला. रडला-बिडला नाही. दुपारी माझीच सायकल पंक्चर झाली तर त्यानं काढून दिली, आणि पैसे घेतले.

त्याचं नाव मी पुष्कळ आठवून पाहिलं. आठवत नाही.

तर त्या रात्री मी चिरंजिवांना म्हटलं, “कलम लिहितो. पण त्याला आत घेणारं लिहितो. पटलं तर घ्या.” त्यांनी मान हलवली. बापाला कामाला लावण्यातच त्यांचा अर्धा हेतू असावा. मी दोन रात्री खपून इंग्रजीत मसुदा केला. कलम ७ : एकचाकी स्वारास प्रवेश राहील, तो सर्वांच्या मागून, पाच मिनिटांच्या अंतराने निघेल, आणि मागून कोणी वाट मागितल्यास तत्काळ खाली उतरून, वाटेबाहेर उभा राहील. खरं तर, सर्वांत शेवटी निघालेल्याच्या मागून वाट मागणार कोण? तिसरा भाग मी केवळ शोभेसाठी घातला होता. नुसत्या दोन भागांचं कलम मला भुंडं वाटतं. पण नेमकं त्यावरच दाढीवाले खूश झाले आणि कलम मंजूर झालं. मी स्वतःवर बेहद्द खूश. सत्तावन्न वर्षांचं कर्ज फेडल्यासारखं मला वाटत होतं.

शर्यतीच्या दिवशी मला एक पिवळं जाकीट आणि शिट्टी देऊन एका वळणावर उभं केलं. तिथं एक खडा चढ संपतो आणि अरुंद उतार सुरू होतो. माझं मुख्य काम, कडेच्या झुडपांपासून लोकांना लांब ठेवणं. ती झुडपं पॉयझन ओकची. तीन-तीन पानं, शरद ऋतूत सुरेख लाल होतात, आणि अंगाला लागली की आपली खाजकुइली बरी म्हणावी असे फोड दोन-दोन आठवडे उठतात. आमची ही पुढं पाण्याच्या टेबलापाशी होती. तिथं केळी कापून ठेवायची होती. तिनं ती सोलूनही ठेवली होती.

बारा किलोमीटरच्या दोन फेऱ्या. पहिले दहाबारा जण वाऱ्यासारखे गेले, दाढीवाले त्यात. मग मधले. मग चढावरून हातात सायकल धरून चालत येणारे. त्यांत एक ओळखीची चाल दिसली. चिरंजीव! हातात सायकल धरून, मान खाली, थेट आतकरवाडीतून गडाकडं निघाल्यासारखे. ऊर भरून आला. इतक्या महाग सायकलीलासुद्धा शेवटी डोंगर पायीच चढावा लागतो तर!

आणि त्यांच्या मागून तो आला. सरळ ताठ, एक हात सीटच्या मुठीला, दुसरा हवेत, एखादी दोरी धरून बसल्यासारखा. पन्नाशीचा, चष्मेवाला, चारचौघांत बँकेत दिसावा असा माणूस. एकेका पेडलला सबंध अंग वापरत, दगडावर चाक किंचित थबकवून, पुन्हा उचलून, तो चालणाऱ्यांच्या बाजूनं वर चढत होता. “गुड मॉर्निंग” म्हणाला. मला. चिरंजिवांनाही म्हणाला. चिरंजिवांनी काय उत्तर दिलं ते मी इथं लिहीत नाही.

म्हणजे पाच मिनिटं मागून निघालेला हा माणूस चढावर दहापंधरा जणांच्या पुढं गेला होता. आणि आता उतार. ते दहापंधरा जण आता त्याच्या मागं होते, आणि माझ्या कलमातला तो शोभेचा तिसरा भाग आता जिवंत झाला. मागून पहिली आरोळी आली (चिरंजिवांचाच आवाज), आणि तो सज्जन माणूस, नियम तोंडपाठ केलेला, ‘तत्काळ’ खाली उतरला आणि ‘वाटेबाहेर’ उभा राहिला. माझ्या डोळ्यांदेखत. पॉयझन ओकमध्ये. मी शिट्टी वाजवली, पण शिट्टीचा अर्थ त्यानं ‘आणखी आत व्हा’ असा घेतला असावा. तो आणखी आत झाला. दोघं गेले, तो बाहेर आला, चढून बसला, दहा पावलं गेला, पुन्हा आरोळी, पुन्हा झुडपात. असं चार वेळा. प्रत्येक वेळी चाक छातीशी धरून, तान्हं मूल घेतल्यासारखा, जाणाऱ्यांना “छान, छान चाललंय” म्हणत होता. एकदाही कपाळाला आठी नाही.

वाटेवर दोन पावलं पुढं जागा रुंद होती. तिथं वाट दिली असती तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण कलमात ‘तत्काळ’ होतं. मीच घातलं होतं.

पहिली फेरी संपवून तो पाण्याच्या टेबलाशी आला तेव्हा आमच्या हिनं त्याचे हात पाहिले आणि मला शिट्टीपेक्षा मोठ्यानं हाक मारली. “अहो, या माणसाला काय केलंत?” मग तिनं टेबलाखालचा भांड्यांचा साबण काढला, थंड पाण्याची बाटली ओतली, आणि कोपरापासून बोटांपर्यंत त्याचे हात पातेल्यासारखे घासून दिले. त्या झुडपाचं तेल असं लगेच साबणानं काढणं हाच त्यावरचा खरा उपाय, हे डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं. हिला ते ठाऊक नव्हतं. हिला तेलकट काहीही साबणानं घासायचं एवढंच ठाऊक. तो बिचारा “थँक यू, मॅम” म्हणत उभा. हिनं त्याच्या तोंडात सोललेलं केळ दिलं, कारण हात ओले होते. तो दुसरी फेरी मारायला निघून गेला.

शर्यतीत तो शेवटून नववा आला. चिरंजीव शेवटून अकरावे. झुडपातल्या मुक्कामाचा वेळ वजा घालून काय झालं असतं, हा हिशेब चिरंजिवांनी त्या रात्री केला नाही. मी केला. पण दाखवला नाही.

दुसऱ्या आठवड्यात बैठक. मी स्वतःहून उठून म्हणालो, की कलम ७ रद्द करावं. सबंध. एकचाकीवाल्यासाठी वेगळं काही नको. तुमच्या शर्यतीत सर्वांना जो रिवाज आहे, की मागच्यानं हाक द्यावी, पुढच्यानं सोयीची जागा बघून वाट द्यावी, आणि पुढं जाणाऱ्यानं धीर धरावा, तोच त्याला. त्याला वेगानुसार जिथं बसेल त्या गटात सोडा. डॉक्टरीणबाईंनी अनुमोदन दिलं. विमा कंपनीला त्यांनी मधल्या काळात विचारलं होतं. कंपनीला चाकांच्या संख्येत काडीचा रस नव्हता, माणशी हप्ता भरला म्हणजे झालं. घोड्याची भीती वाटणाऱ्या सभासदांनी विरोधी मत नोंदवलं. मग त्याला बक्षीस कुठल्या गटात द्यायचं यावर वाद सुरू झाला आणि तो, पुण्याच्या लौकिकाला साजेल इतका, रात्री अकरापर्यंत चालला. त्याला बक्षीस मिळण्याची काडीचीही शक्यता नव्हती, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

परतीच्या आदल्या दिवशी तो गृहस्थ घरी आला. हातावर थोडे फोड होते, बाकी बरा होता. हिला द्यायला भांड्यांच्या साबणाची मोठी बाटली आणली होती, वर लाल फीत बांधून. एकचाकी गाडीच्या मागं ठेवलेली. नेमके तेव्हाच दाढीवाले काही कागद द्यायला आले होते. ते त्या चाकाभोवती एक फेरी मारून आले. मग दुसरी. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, “शिकायला किती दिवस लागतात?”

“दहापंधरा तासांत शंभर फूट जाता येतं,” तो म्हणाला. “बसून बघा. कोणाचा तरी खांदा धरा.”

जवळ खांदा माझाच होता. सव्वासहा फूट उंचीचा तो माणूस माझ्या खांद्यावर भार देऊन चढला, पाय पेडलांवर ठेवले, चाक इंचभर पुढं गेलं, इंचभर मागं आलं, आणि चक्क थांबलं.

“सोडू नका हं,” ते वरून म्हणाले. आवाज पार दहा वर्षांच्या मुलाचा झाला होता.

“नाही सोडत,” मी म्हटलं. “तुम्ही फक्त आसनस्थ राहा.”

हे मी मराठीत म्हणालो, त्यामुळं त्यांना कळलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ही ओरडत होती, “अहो, खांदा! उद्या विमानात बॅगा कोण उचलणार?”